राष्ट्राध्यक्षाला घरी कोण पाठवणार? सोव्हिएत संघातून फुटलेल्या देशांच्या घटना, सोप्या भाषेत

आपल्याकडे राष्ट्रपती म्हटलं की २६ जानेवारीचं संचलन, पद्म पुरस्कार आणि मंत्रिमंडळाने पाठवलेल्या फायलीवर सही, एवढंच डोळ्यासमोर येतं. त्यामुळे रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान असल्या देशांच्या बातम्या वाचताना हमखास घोळ होतो. आता आपली बरीच पोरं एमबीबीएससाठी बिश्केक, तिबिलिसी, अल्माटीला असतात, तिकडे काही पेटलं की घरचे बातम्या शोधतात, आणि बातमीत असतं काय तर ‘राष्ट्राध्यक्षांनी संसद बरखास्त केली’, ‘घटना बदलली’, ‘कार्यकाळ नव्याने मोजणार’. म्हणजे नक्की झालं काय? आणि हा माणूस असं करू शकतो का?

तर करू शकतो, बऱ्याचदा अगदी कायदेशीर करू शकतो, आणि हा लेख त्यावरच आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या देशांच्या घटना काढून बघितल्या तर जवळजवळ सगळीकडे महाभियोगाचं कलम आहे, मुदतीचं कलम आहे, कोर्टाचं कलम आहे, कागदावर सगळं व्यवस्थित. फरक पडतो तो ते कलम चालवायला जी माणसं बसलीयेत त्यांना तिथे कोणी बसवलं यावर. हे एकदा लक्षात घेतलं की बाकीचं आपोआप सुटत जातं.

सुरुवात मात्र जरा मागून करायला लागेल. सोव्हिएत संघात राष्ट्राध्यक्ष नावाचं पदच मुळात नव्हतं. खरी सत्ता कम्युनिस्ट पार्टीच्या जनरल सेक्रेटरीकडे. मार्च १९९० मध्ये गोर्बाचेव्हसाठी हे पद तयार केलं, मग एकेका प्रजासत्ताकानेही आपापला राष्ट्राध्यक्ष उभा केला, आणि डिसेंबर १९९१ मध्ये संघच फुटून १५ देश झाले. पार्टी गेली पण वरून हुकूम सोडणारी एक जागा लागते ही सवय काही गेली नाही, ती जागा राष्ट्राध्यक्षाने भरली. कझाकस्तानचे नझरबायेव, उझबेकिस्तानचे करीमोव्ह, तुर्कमेनिस्तानचे नियाझोव्ह हे तिघंही आधी आपापल्या प्रजासत्ताकातले पार्टीचे प्रमुखच होते, खुर्चीवरची पाटी बदलली आणि काम पुढे चालू.

घटना लिहायची वेळ आली तेव्हा बऱ्याच जणांनी फ्रान्सकडे बघितलं. म्हणजे राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा आणि शिवाय संसदेला उत्तर देणारा पंतप्रधानही ठेवायचा. फ्रान्समध्ये हे चालतं कारण तिथे संसदेत विरोधकांचं बहुमत आलं तर राष्ट्राध्यक्षाला गुमान त्यांचा पंतप्रधान घ्यावा लागतो. इकडे सांगाडा तोच घेतला पण मधले स्क्रू वेगळे बसवले. एस्टोनिया आणि लाटव्हिया या खेळात उतरलेच नाहीत, त्यांनी राष्ट्राध्यक्ष संसदेकडून निवडायचा ठरवला आणि अधिकार बेताचेच दिले.

रशियाचं उदाहरण नीट बघू, कारण शेजारच्यांनी बरंच काही तिथूनच उचललंय. १९९३ साली राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन आणि संसद यांचं इतकं फाटलं होतं की २१ सप्टेंबरला येल्त्सिननी हुकूम क्रमांक १४०० काढून संसदच बरखास्त केली. तेव्हाच्या घटनेत असा अधिकार त्यांना नव्हता. घटना कोर्टाचे अध्यक्ष वालेरी झोर्किन, त्यांच्या कोर्टाने रात्रीतून सांगितलं की हे घटनाबाह्य आहे. संसदेने येल्त्सिनना पदावरून काढलं आणि उपराष्ट्राध्यक्ष रुत्स्कोई यांना शपथ दिली, म्हणजे मॉस्कोत एकाच वेळी दोन राष्ट्राध्यक्ष! संसदेची वीज तोडली, फोन तोडले, आणि ४ ऑक्टोबरला रणगाड्यांनी संसदेच्या इमारतीवर तोफा डागल्या. मॉस्कोच्या त्या दोन दिवसांत शंभरावर माणसं मेली. मग १२ डिसेंबरला सार्वमत घेऊन नवी घटना मंजूर करून घेतली. जिंकलेल्या माणसाने लढाईनंतर दोन महिन्यांत लिहून घेतलेली घटना कशी असणार? उपराष्ट्राध्यक्षपदच काढून टाकलं, घटना कोर्ट १९९५ पर्यंत बंदच होतं.

त्या घटनेत कलम ८० म्हणतं की राष्ट्राध्यक्ष हा घटनेचा हमीदार आहे. ऐकायला छान वाटतं, पण गोम अशी आहे की सरकार, संसद, कोर्ट या तिन्हींच्या वर कुठेतरी तो एकटा उभा राहतो. संरक्षण, परराष्ट्र, पोलीस, गुप्तचर ही सगळी खाती पंतप्रधानाला बाजूला ठेवून थेट त्याच्याकडे रिपोर्ट करतात. तो हुकूम काढतो त्याला ‘उकाझ’ म्हणतात आणि कायद्याच्या विरुद्ध जात नसेल तोवर तो देशभर लागू. आणि पंतप्रधान? राष्ट्राध्यक्ष नाव सुचवणार, खालचं सभागृह म्हणजे ड्यूमा मंजुरी देणार, पण ड्यूमाने तीनदा नाही म्हटलं तर पंतप्रधान राष्ट्राध्यक्षाच्याच मर्जीचा बसणार आणि ड्यूमाच बरखास्त होणार. आपल्या हाउसिंग सोसायटीत चेअरमनने सुचवलेला सेक्रेटरी कमिटीने तीनदा नाकारला तर सेक्रेटरी तोच राहील आणि कमिटी घरी जाईल, असा नियम असता तर कमिटी मेंबरांनी पहिल्या नाही तर तिसऱ्या वेळी हात वर केलेच असते ना? १९९८ मध्ये किरियेन्को यांच्या वेळी अगदी हेच झालं. दोनदा नकार, तिसऱ्यांदा मंजूर. निवडणुकीला कोणाला परत सामोरं जायचं होतं!

(२०२० च्या दुरुस्तीत याची भाषा जरा बदलली, आता तीन नकारांनंतर राष्ट्राध्यक्ष ड्यूमा बरखास्त ‘करू शकतो’, करायलाच हवी असं नाही. पण पंतप्रधान त्याचाच.)

आता महाभियोग. रशियात कलम ९३. आपल्याकडे कलम ६१ खाली ‘घटनेचा भंग’ एवढं कारण पुरतं, तिथे देशद्रोह किंवा दुसरा गंभीर गुन्हाच लागतो. म्हणजे राष्ट्राध्यक्षाने घटना पायदळी तुडवली असा आरोप असेल तर तेवढ्यावर भागत नाही, फौजदारी गुन्हा दाखवा. आधी ड्यूमातल्या एक तृतीयांश सदस्यांनी प्रस्ताव आणायचा, मग ड्यूमाची खास समिती मत देणार, मग ४५० पैकी ३०० मतं, मग सुप्रीम कोर्टाने म्हणायचं की हो, गुन्ह्याची लक्षणं दिसतात, मग घटना कोर्टाने म्हणायचं की प्रक्रिया नीट झाली, आणि मग वरच्या सभागृहाने म्हणजे फेडरेशन कौन्सिलने दोन तृतीयांशाने शिक्कामोर्तब करायचं, आणि ड्यूमाने आरोप ठेवल्यापासून तीन महिन्यांत हे झालं नाही तर आरोप आपोआप बाद. दमलात? वाचूनच दम लागतो.

तरी एकदा प्रयत्न झाला. मे १९९९, आरोप पाच: सोव्हिएत संघ मोडला, १९९३ ला संसदेवर तोफा डागल्या, चेचन्याचं युद्ध, सैन्याची वाट लावली आणि रशियन लोकांचा वंशसंहार. शेवटचा आरोप जरा अतीच होता, पण चेचन्याचा गंभीर होता. मतदानाच्या तीन दिवस आधी, १२ मे ला येल्त्सिननी लोकप्रिय पंतप्रधान प्रिमाकोव्ह यांनाच काढून टाकलं. आता पेच बघा. ड्यूमाने नवा पंतप्रधान तीनदा नाकारला तर बरखास्ती, पण घटना असंही म्हणते की ड्यूमाने महाभियोगाचा आरोप ठेवला की वरच्या सभागृहाचा निर्णय होईपर्यंत तिला बरखास्त करता येत नाही. मग कुठलं कलम वरचढ? उत्तर शोधायची वेळच आली नाही. १५ मे ला मतदान झालं, चेचन्याच्या आरोपाला सगळ्यात जास्त म्हणजे २८३ मतं मिळाली, १७ कमी पडली, बाकीच्या चारांना त्याहून कमी. आणि चार दिवसांनी त्याच ड्यूमाने नवे पंतप्रधान स्तेपाशिन पहिल्याच फटक्यात मंजूर केले. पुतिनच्या काळात तर इथपर्यंतही गाडी कधी गेली नाही.

हाच महाभियोग लिथुआनियात चालला. तोही सोव्हिएत संघातूनच बाहेर पडलेला देश. जानेवारी २००३ मध्ये रोलांदास पाक्सास निवडून आले, विमानाच्या कसरती करणारा पायलट माणूस, लोकांना आवडायचा. त्यांच्या प्रचाराला सगळ्यात मोठी देणगी, साधारण चार लाख डॉलर, युरी बोरिसोव्ह नावाच्या रशियात जन्मलेल्या उद्योजकाने दिली होती. निवडून आल्यावर पाक्सास यांनी हुकूम काढून या गृहस्थांना लिथुआनियाचं नागरिकत्व देऊन टाकलं. शिवाय आरोप असा की तुमच्यावर तपास यंत्रणांची नजर आहे हे त्यांच्या कानावर घातलं, आणि एका खाजगी कंपनीच्या शेअरच्या व्यवहारात आपल्या पदाचं वजन टाकलं. प्रकरण घटना कोर्टात गेलं, ३१ मार्च २००४ ला कोर्टाने सांगितलं की घटनेचा गंभीर भंग झालाय, आणि ६ एप्रिलला संसदेत तिन्ही आरोपांवर मतदान झालं. १४१ पैकी ८५ मतं हवी होती. मिळाली ८६, ८६ आणि ८९. काठावर पास म्हणतात तसं. पण गेले. महाभियोगाने पद गमावलेले ते युरोपातले पहिले राष्ट्रप्रमुख. रणगाडे नाहीत, संसदेला वेढा नाही, सभापतींनी तात्पुरता कारभार बघितला, जूनमध्ये निवडणूक झाली आणि आधीचे आदाम्कुस परत आले.

मग लिथुआनियात चाललं आणि रशियात का नाही? लोक म्हणतात संस्कृती, इतिहास, युरोपची हवा. असेलही. २००४ हे लिथुआनियाचं नाटो आणि युरोपीय संघात जायचं वर्ष होतं, त्याचा दबाव होताच. पण मला विचाराल तर आधी न्यायाधीशांच्या नेमणुकीचं कलम बघा. लिथुआनियाच्या घटना कोर्टात नऊ न्यायाधीश, त्यांची नावं सुचवणारे तीन वेगवेगळे लोक: राष्ट्राध्यक्ष, संसदेचे सभापती आणि सुप्रीम कोर्टाचे अध्यक्ष. दर तीन वर्षांनी तीन न्यायाधीश बदलतात, प्रत्येकाला नऊ वर्षांची एकच टर्म. म्हणजे पाक्सासना कोर्ट खिशात घालायचं म्हटलं असतं तरी तेवढा वेळच नव्हता. रशियात नावं सुचवणारा एकटा राष्ट्राध्यक्ष. २०२० पासून एखाद्या न्यायाधीशाला काढायचा प्रस्ताव वरच्या सभागृहाकडे पाठवायचा अधिकारही त्यालाच आहे, आणि न्यायाधीशांची संख्या १९ वरून ११ केलीय. मग घोडं पेंड खाणार नाही तर काय.

पाक्सासचं पुढेही ऐकण्यासारखं आहे. त्यांनी लगेच परत उभं राहायची तयारी केली, तर घटना कोर्टाने मे २००४ मध्ये ठरवलं की महाभियोगाने गेलेल्या माणसाला शपथ घ्यावी लागणारं कुठलंही पद परत कधीच नाही. त्यावर स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०११ मध्ये म्हटलं की संसदेची निवडणूक लढवायला आयुष्यभराची बंदी, हे अती आहे. म्हणजे राष्ट्राध्यक्षाला जाब विचारणाऱ्यांनाही जाब विचारणारं कोणीतरी वर होतं.

लाटव्हियाची युक्ती तर मला सगळ्यात आवडते. तिथला राष्ट्राध्यक्ष संसदेने निवडलेला, अधिकार थोडे, पण संसद बरखास्त करायचा प्रस्ताव तो मांडू शकतो. फक्त निर्णय सार्वमताने होणार आणि लोकांनी ‘नको’ म्हटलं तर त्याची स्वतःची गच्छंती! मे २०११ मध्ये भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेला एका बड्या खासदाराच्या घराची झडती घ्यायची होती, संसदेने परवानगी नाकारली, तर राष्ट्राध्यक्ष वाल्दिस झात्लर्स यांनी हे अस्त्र काढलं. आणि कधी काढलं तर स्वतःच्या फेरनिवडीच्या काही दिवस आधी, निवडणारी तीच संसद. संसदेने अर्थातच दुसऱ्याला निवडलं. जुलैत सार्वमत झालं, नव्वद टक्क्यांहून जास्त मतदारांनी संसद बरखास्त करा असं सांगितलं. म्हणजे दोघंही घरी गेले, आधी राष्ट्राध्यक्ष आणि मग संसद.

युक्रेनचं गणित मध्येच अडकलेलं आहे. १९९६ च्या घटनेत राष्ट्राध्यक्ष तगडा होता, डिसेंबर २००४ मध्ये निवडणुकीतल्या घोटाळ्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, त्या ऑरेंज क्रांतीच्या गदारोळात तडजोड म्हणून त्याचे अधिकार कापून संसदेला दिले. २०१० मध्ये यानुकोविच निवडून आले ते या कापलेल्या अधिकारांवर. सप्टेंबर संपता संपता घटना कोर्टाने जाहीर केलं की २००४ ची दुरुस्तीच चुकीच्या पद्धतीने झाली होती, ती रद्द, १९९६ ची घटना परत लागू. मतदारांनी एक खुर्ची दिली आणि कोर्टाने त्याच माणसाला मोठी खुर्ची आणून दिली, तेही अधल्यामधल्या काळात. फेब्रुवारी २०१४ मध्ये कीव्हच्या मैदानात माणसं मारली गेली, यानुकोविच राजधानी सोडून पळाले आणि २२ तारखेला संसदेने त्यांना काढलं, ३२८ मतांनी. पण महाभियोगाला ४५० च्या तीन चतुर्थांश म्हणजे ३३८ मतं लागतात, शिवाय चौकशी समिती, दोन कोर्टांची मतं, यातलं काहीच झालेलं नव्हतं. त्यामुळे ठरावात महाभियोग हा मार्गच घेतला नाही, ते स्वतःच कर्तव्यापासून दूर झालेत असं लिहिलं. घटनेत ‘पळून गेला तर’ असं कलमच नव्हतं. रशिया आजही त्या दहा मतांवर बोट ठेवतो, आणि दहा मतं कमी होती हे खरंच आहे, पण राष्ट्राध्यक्ष गायब असताना संसदेने काय करायला हवं होतं याचं उत्तर मॉस्कोकडूनही येत नाही.

दारातून बाहेर काढता येत नसेल तर माणसं भिंत पाडतात, याचं टोकाचं उदाहरण किर्गिझस्तान. २००५ ला राष्ट्राध्यक्ष अकायेव पळाले, २०१० ला त्यांच्या जागी आलेले बाकियेव पळाले, मग शहाणे होऊन लोकांनी २०१० च्या घटनेत लिहिलं की राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच टर्म आणि १२० च्या संसदेत कुठल्याही एका पक्षाला ६५ पेक्षा जास्त जागा नाहीत. मला ही घटना फार हुशार वाटायची. दहा वर्षं चालली. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष अताम्बायेव मुदत संपवून शांतपणे पायउतार झाले, त्या भागात हे फार मोठं होतं. पण नव्या राष्ट्राध्यक्षाशी त्यांचं बिनसलं, २०१९ मध्ये त्यांचं खटल्यापासूनचं संरक्षण काढून घेतलं, आणि ऑगस्टमध्ये कोय-ताश गावातल्या त्यांच्या घरावर कमांडो पाठवून अटक करायला लागली, त्यात एक अधिकारी मेला. ऑक्टोबर २०२० मध्ये निवडणुकीवरून परत दंगल, जमावाने राजकारणी सादिर जापारोव्ह यांना तुरुंगातून बाहेर काढलं, दहा दिवसांत ते पंतप्रधान आणि हंगामी राष्ट्राध्यक्ष, जानेवारी २०२१ ला निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष, आणि एप्रिलमध्ये नवी घटना: पाच वर्षांच्या दोन टर्म, सरकारचा प्रमुख राष्ट्राध्यक्षच, संसद ९० ची.

आता मुदतीचं बघू. ‘दोन टर्मपेक्षा जास्त नाही’ हे वाक्य या देशांत जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी लिहिलंय आणि त्यातून सुटायच्या पळवाटाही ठरलेल्या आहेत. बेलारूसचे राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को यांनी २००४ ला सार्वमत घेऊन मर्यादाच काढली, अझरबैजानने २००९ ला. (लुकाशेन्कोंच्या बाबतीत एक आठवण ठेवा, नोव्हेंबर १९९६ मध्ये तिथल्या खासदारांनी सह्या गोळा करून महाभियोग घटना कोर्टापर्यंत नेला होता, पण सार्वमत आधी उरकलं आणि खटला बारगळला.) ताजिकिस्तानात २०१६ ला फक्त राष्ट्राध्यक्ष रहमोन यांच्यासाठी मर्यादा काढली आणि त्याच सार्वमतात राष्ट्राध्यक्षाचं किमान वय ३५ वरून ३० केलं. त्यांचा मुलगा रुस्तम १९८७ चा, हिशोब तुम्हीच करा.

पण सगळ्यात वापरलेली पळवाट म्हणजे नवी घटना आणा आणि म्हणा की मोजणी आता पहिल्यापासून. इथे कोर्टाची खरी परीक्षा होते. १९९८ मध्ये रशियाच्या घटना कोर्टाने येल्त्सिनना सांगितलं की तुमची १९९१ ची टर्म जुन्या घटनेखालची असली तरी धरली जाणार, तिसऱ्यांदा उभं राहता येणार नाही. त्याच वर्षी किर्गिझस्तानच्या कोर्टाने अकायेवना नेमकं उलट सांगितलं. २००३ मध्ये युक्रेनच्या कोर्टानेही राष्ट्राध्यक्ष कुचमांना तिसऱ्या टर्मची परवानगी दिली, त्यांनी ती वापरली नाही. आणि २०२० मध्ये रशियात १० मार्चला पहिली महिला अंतराळवीर वालेंतिना तेरेश्कोवा ड्यूमात उभ्या राहून म्हणाल्या की पुतिनच्या आधीच्या टर्म शून्य धरा. चार दिवसांत कायद्यावर सही, घटना कोर्टाला मत द्यायला सात दिवस दिले होते, कोर्टाने दोन दिवसांत हिरवा कंदील दाखवला. कोर्टाचे अध्यक्ष कोण होते? वालेरी झोर्किन. १९९३ ला येल्त्सिनच्या हुकुमाला रात्रीतून घटनाबाह्य म्हणणारे तेच झोर्किन. हिशोब असा की पुतिन २०३६ पर्यंत राहू शकतात. उझबेकिस्ताननेही एप्रिल २०२३ च्या सार्वमताने टर्म पाचची सात वर्षं केली आणि राष्ट्राध्यक्ष मिर्झियोयेव यांची मोजणी नव्याने सुरू.

एक कलम मात्र लोक वाचतच नाहीत आणि मला वाटतं घटनेतलं सगळ्यात महागडं कलम तेच: राष्ट्राध्यक्ष मेला किंवा सोडून गेला तर तात्पुरता कोण? रशियात पंतप्रधान. ३१ डिसेंबर १९९९ ला येल्त्सिननी राजीनामा दिला तेव्हा पंतप्रधान होते पुतिन, निवडणूक जूनऐवजी मार्चमध्ये आली आणि बाकीच्यांना तयारीलाच वेळ मिळाला नाही. अझरबैजानमध्ये आधी संसदेचे सभापती होते, २००२ च्या सार्वमताने तिथे पंतप्रधान लिहिलं, ऑगस्ट २००३ मध्ये आजारी राष्ट्राध्यक्ष हैदर अलियेव यांचा मुलगा इल्हाम पंतप्रधान झाला आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष. कझाकस्तानमध्ये २०१९ ला सिनेटचे म्हणजे वरच्या सभागृहाचे अध्यक्ष होते. मार्च २०१९ मध्ये नझरबायेव यांनी पद सोडलं, सिनेटचे अध्यक्ष तोकायेव राष्ट्राध्यक्ष झाले आणि सिनेटच्या रिकाम्या खुर्चीत दुसऱ्याच दिवशी नझरबायेव यांची मुलगी दारिगा.

तुर्कमेनिस्तानात तर कहर झाला. २१ डिसेंबर २००६ ला नियाझोव्ह वारले. घटनेप्रमाणे कारभार संसदेचे सभापती अतायेव यांच्याकडे जायला हवा, पण त्याच दिवशी त्यांच्यावर फौजदारी गुन्हा दाखल झाला आणि उपपंतप्रधान बेर्दिमुहामेदोव्ह हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. हंगामी माणसाने निवडणूक लढवायची नाही असं घटनेत होतं. पाच दिवसांत ते कलमच बदललं, फेब्रुवारीत ते जिंकले. उझबेकिस्तानात २०१६ ला करीमोव्ह गेल्यावर पद्धत जरा सभ्य होती, सिनेटचे अध्यक्ष युल्दाशेव स्वतःच म्हणाले की माझ्यापेक्षा पंतप्रधान मिर्झियोयेव अनुभवी आहेत, त्यांनाच द्या. आयत्या वेळी इतका मोठेपणा दाखवणारा राजकारणी तुम्ही बघितलाय का कधी?

हे लोक खुर्ची सोडत का नाहीत याचं एक साधं कारण खुर्ची सोडल्यावर काय होतं यात आहे. येल्त्सिन गेले त्याच दिवशी पुतिननी पहिल्या काही हुकुमांतच माजी राष्ट्राध्यक्ष आणि कुटुंबाला संरक्षण दिलं, २०२० नंतर तर रशियात माजी राष्ट्राध्यक्षाला आयुष्यभर अभय आणि हवी असेल तर वरच्या सभागृहात कायमची जागा. बेलारूसनेही २०२२ मध्ये हे घटनेत घातलं. अताम्बायेव यांचं कोय-ताशमध्ये काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं होतं. नझरबायेव यांनी तर कायद्याने ‘एल्बासी’ म्हणजे राष्ट्रनेता ही पदवी, सुरक्षा परिषदेचं तहहयात अध्यक्षपद, राजधानीला स्वतःचं नाव, सगळी तटबंदी केली होती. जानेवारी २०२२ च्या दंगलीत तोकायेव यांनी सुरक्षा परिषद ताब्यात घेतली, जूनच्या सार्वमतात घटनेतून नझरबायेव यांचे विशेष अधिकार गेले, सप्टेंबरमध्ये राजधानी परत अस्ताना झाली. तीन वर्षांत तटबंदी सपाट. तोकायेव यांनी त्याच वर्षी सात वर्षांची एकच टर्म हा नियमही घटनेत घातला.

काही देशांनी मग राष्ट्राध्यक्षच बारीक करून टाकला. आर्मेनियाने २०१५ ला सार्वमताने संसदीय पद्धत आणली, पण राष्ट्राध्यक्ष सर्झ सार्ग्स्यान दोन टर्म संपल्यावर एप्रिल २०१८ मध्ये थेट पंतप्रधान व्हायला गेले तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की हे सगळं कशासाठी होतं. सहा दिवसांत राजीनामा द्यावा लागला. आणि बारीक केलेल्या राष्ट्राध्यक्षपदावरचे आर्मेन सार्किस्यान जानेवारी २०२२ मध्ये स्वतःच निघून गेले, म्हणाले माझ्या हातात काही अधिकारच नाहीत. जॉर्जियात तर महाभियोग उलट्या बाजूने आला. राष्ट्राध्यक्ष सालोमे झुराबिशविली सरकारची परवानगी न घेता युरोपच्या दौऱ्यावर गेल्या म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये घटना कोर्टाने भंग झाला असं ठरवलं, पण सत्ताधाऱ्यांना १०० ऐवजी ८६ च मतं मिळाली. पुढचा राष्ट्राध्यक्ष लोकांनी निवडलाच नाही, डिसेंबर २०२४ मध्ये ३०० जणांच्या मंडळाने माजी फुटबॉलपटू कावेलाशविली यांना निवडलं. मोल्दोव्हात राष्ट्राध्यक्ष दोदोन मंत्र्यांच्या नेमणुकीवर सही करेनात, तर २०१७ पासून घटना कोर्ट त्यांना थोड्या वेळापुरतं निलंबित करायचं, तेवढ्यात दुसरा कोणीतरी सही करायचा आणि मग दोदोन परत राष्ट्राध्यक्ष!

आता शेवटचा प्रश्न जो सगळेच विचारतात: झेलेन्स्कींची मुदत मे २०२४ मध्ये संपली, मग ते अजून कसे? युक्रेनच्या घटनेत संसदेबद्दल सरळ लिहिलंय की लष्करी कायदा लागू असताना मुदत संपली तर ती आपोआप वाढते. राष्ट्राध्यक्षाबद्दल असं वाक्य नाही, फट आहे ती इथेच. पण लष्करी कायद्यात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक घ्यायला मनाई आहे, आणि घटनेचं कलम १०८ म्हणतं की नवा निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष सूत्रं घेईपर्यंत जुनाच काम बघेल. दोन्ही एकत्र वाचली की उत्तर मिळतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये संसदेने हेच सांगणारा ठराव मांडला, २४ तारखेला तो २२६ मतं न मिळाल्याने पडला, दुसऱ्या दिवशी परत मांडला आणि २६८ मतांनी मंजूर झाला.